हौसाआत्याचा कान

हौसाआत्या तुमच्याशी बोलत असली, तरी ती तुमचंच ऐकत असेल याची खात्री नाही. कऱ्हाटीच्या एका लग्नात ती माझ्या बारामतीतल्या नव्या घराची चौकशी करत होती. बँजो वाजत होता, माईकवर आहेर पुकारत होते, बायकांचा कालवा वेगळाच. मान न वळवता ती म्हणाली, "जा, त्या आचाऱ्याला थांबीव. आमटीत मीठ एकदा पडलंय आन दुसरा परत मागतोय."

आचारी मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होते. मी पोचलो तेव्हा दुसऱ्याची मिठाची मूठ पातेल्यावर होती.

कळंबला, तिच्या गावात, बायका गुपित बोलायला पिठाच्या गिरणीत जात. तेही गिरणी चालू असताना. बाहेर दळणाच्या रांगेत बसलेल्या आत्याला तरी ते ऐकू येई.

"हे जमतं कसं गं?" मी विचारलं.

"समद्यांचं ऐकाया गेलं की कुणाचंच येत न्हाय. एकाचा सूर धरायचा. बाकीचे आपोआप मागं सरत्यात."

गेल्या वर्षी तापाच्या दुखण्यात तिचा उजवा कान गेला. डावा शाबूत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. पण कोण कुठून बोलतंय हेच तिला कळेना. "समदं कालवण झालंय," एवढं मला म्हणाली, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली.

अंथुर्ण्याला साखरपुडा होता. पंगतीत आत्या सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत हसत होती. शेजारची बाई सासू गेल्याचं सांगत होती. आत्या म्हणाली, "लई झ्याक झालं."

बायकांचे घास हातातच राहिले. आपलं काहीतरी चुकलं एवढं आत्याला कळलं. ती पानात बघत राहिली.

तिचे यजमान, आमचे मामा, समोर पुरुषांच्या पंगतीत होते. मामा बोलतच नाहीत, असं सगळे समजत. खरं तर ते इतकं हळू बोलत, की आत्याशिवाय कुणाला ऐकू येत नसे. त्यांना तेवढं पुरे होतं. ते भरल्या पानावरून उठले, बायकांच्या पंगतीत आले आणि तिच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले.

"हौसा," मामा मोठ्यानं म्हणाले. आवाज घोगरा, कधी न वापरलेला. सगळा मांडव वळून बघू लागला. "सासू वारली म्हणत्यात त्या."

आत्यानं आधी त्या बाईचा हात घट्ट धरला. मग मामांकडं न बघता म्हणाली, "एवढं वरडू नका. तुमचं येतंय ऐकू."