बेल तुमची की आमची

पारखीताईंनी एखादी वस्तू चांगली म्हटली की ती चांगलीच असणार. असं त्या स्वतः म्हणत, पण म्हणणाऱ्या एकट्या नव्हत्या. 'वापरून सांगते' या त्यांच्या ब्लॉगवर माणसांची रोज रीघ असायची. तवा चिकटतो का, इस्त्री टपकते का, उशीने मान धरते का, हे आधी ताईंना विचारायचं आणि मगच दुकानाची पायरी चढायची. पारखीताई हे नावही वाचकांनीच दिलेलं. खरं नाव लाइटच्या बिलावर होतं, आणि तिथून ते फारसं कुठे बाहेर पडत नसे.

कंपन्या आपल्या नव्या वस्तू ताईंकडे आधी पाठवत. त्यामुळे घरात मिक्सर तीन, उशा सात आणि डोकं एक, अशी परिस्थिती होती. लिहिताना मात्र ताई नेहमी 'आमच्या घरी' असं लिहीत. 'आमच्या घरी ही किटली सगळ्यांना पसंत पडली.' सगळ्यांना म्हणजे ताईंना. एकमताने.

फोनही यायचे, नाही असं नाही. धाकट्या बहिणीचा यायचा.

"ताई, वॉशिंग मशीन वरून उघडणारं घेऊ की समोरून?"

"समोरून घे. तुझा गुडघा कसा आहे गं आता? मागे म्हणत होतीस…"

"समोरून ना? बरं. दुकानातच उभी आहे, ठेवते."

बहिणीचा पुढचा फोन तिचा फ्रीज बिघडला तेव्हा आला.

अशा या घरात एक दिवस बिनतारी बेल आली. दाराबाहेर चिकटवायचं एक पांढरं बटण आणि आत प्लगमध्ये खुपसायचा एक डबा. बटण दाबलं की डब्यातून कुठलासा पक्षी गळा काढून गायचा. इमारतीतल्या जुन्या बेलच्या तारा कधीच कुजून गेल्या होत्या, त्यामुळे वस्तू उपयोगाची होती. पण ती तपासायची कशी? बाहेर बटण दाबायला एक माणूस हवा आणि आत ऐकायला दुसरा. तवा एकटीने तपासता येतो, उशी तर एकटीनेच तपासावी लागते, पण बेलला दोन माणसं लागतात, हे ताईंच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

शेवटी त्यांनी कुरिअरवाल्याला थांबवलं. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. ताईंच्या दारी नेमाने येणारा तो एवढाच.

"दादा, पाच मिनिटं आहेत का?"

"गाडी खाली उभी आहे."

"मी आत नळ सोडून उभी राहते. तुम्ही बटण दाबायचं, बास."

त्याने दाबलं. मग ताईंनी तिन्ही मिक्सर एकदम सुरू केले, त्याने पुन्हा दाबलं. मग ताई पलंगावर आडव्या झाल्या, कानांवर दोन्हीकडून उशा दाबून घेतल्या आणि ओरडल्या, "आता!" त्याने तेही केलं. ताई विस्कटलेल्या केसांनी बाहेर आल्या तेव्हा तो पार्सलांची पिशवी खांद्याला लावत होता.

"ऐकू आली?"

"दर वेळी."

"चला, म्हणजे आता कुणी आलं की कळेल तुम्हाला," असं म्हणून तो जिना उतरून गेला. त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती. ताईंना उगाच दिवसभर ती सापडत राहिली.

त्यांनी दणदणीत लिहिलं. 'ही बेल घरात असली तर दारी आलेला माणूस परत जाणार नाही. माहितीपत्रक वाचायचीही गरज नाही. लावा आणि विसरा.' खाली पाच तारे.

हे लिखाण सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायकोने वाचलं. सेक्रेटरींनी इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्याच इमारतीत एवढ्या तज्ज्ञ व्यक्ती राहतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.' ताई तिथे आठ वर्षं राहत होत्या. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण त्याच संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि त्यांनी चक्क मान हलवली. सगळ्या इमारतीने मिळून बेल मागवल्या, एकाच दिवशी लावल्या. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दारावर पांढरं बटण चमकायला लागलं. ताई दोनदा कचरा टाकायच्या निमित्ताने खाली जाऊन ते बघून आल्या. कचरा मुळात एकदाचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी गायला.

ताईंनी गॅस बारीक केला, केस नीट केले, ओढणी सारखी केली आणि दार उघडलं. कुणी नाही. दार लावून त्या वळल्या, तोच पक्षी पुन्हा गायला. पुन्हा कुणी नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी चहात आणखी कपभर पाणी घातलं, कारण इतक्यांदा येणारा माणूस कधीतरी थांबेलच की. तो काही थांबला नाही. दुपारपर्यंत दार उघडून उघडून ताईंच्या खांद्याला कळ लागली, आणि चहा इतक्यांदा वाढवला गेला की तो शेवटी झाडांना घालायच्या लायकीचा राहिला.

आता त्यांना राग आला. कुणीतरी वात्रटपणा करतंय, याबद्दल शंका उरली नाही. घरात तपासणीसाठी आलेला लांब दांड्याचा, चारी दिशांना फिरणारा मॉप होता. तो ओला करून ताई दाराआड दबा धरून बसल्या. पक्षी गायला. ताईंनी खाडकन दार उघडलं आणि मॉप पुढे केला.

मॉप खरंच चारी दिशांना फिरत होता. तो सेक्रेटरींच्या चष्म्यावरून, नाकावरून आणि कानावरून व्यवस्थित फिरला.

"माझी बेल सकाळपासून तुम्ही वाजवताय?" सेक्रेटरी पाणी निथळत म्हणाले.

"मी कशाला वाजवू? माझी तुम्ही वाजवताय."

"मी? अहो, मी वाजवणाऱ्याला शोधत वर आलोय."

तेवढ्यात पुन्हा पक्षी गायला. ताईंच्या घरात गायला, सेक्रेटरींच्या घरात गायला, मधल्या मजल्यांवर गायला. सगळी इमारत तळापासून गच्चीपर्यंत पक्ष्यांनी भरून गेली, आणि मागोमाग सगळी दारं उघडली. प्रत्येक दारातून एक डोकं बाहेर आलं आणि त्याने दुसऱ्या डोक्याकडे संशयाने पाहिलं. तळाशी कुरिअरवाला एका दाराच्या बटणावर बोट ठेवून उभा होता. त्याने वर पाहिलं.

"तळमजला. पार्सल आहे," तो म्हणाला. "बाकीच्यांचं काही नाही."

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. सगळ्या बेल एकाच कंपनीच्या, एकाच साच्यातल्या. कुणीही कुठलंही बटण दाबलं की सगळे डबे इमानदारीने गात होते. पुढच्या क्षणाला सगळी डोकी ताईंकडे वळली.

"ताई, बाळ आत्ता झोपलं होतं," दुसऱ्या मजल्यावरची बाळाची आई म्हणाली. तिचे डोळे पाहून ती स्वतः कधी झोपली असेल असं वाटत नव्हतं. "सकाळपासून पाचव्यांदा आत्ता झोपलं होतं."

"माझ्याकडे शिकायला येणारी मंडळी आधीच बेसूर," पहिल्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या. "त्यात हा पक्षी वेगळ्याच पट्टीत."

"तुम्ही लिहिलंत म्हणून घेतल्या," सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले. "लावा आणि विसरा म्हणे. विसरायला उसंत तर द्या."

फक्त तळमजल्यावरचे आजोबा शांत होते. त्यांनी कानाला हात लावून विचारलं, "कसली बेल?"

आठ वर्षांत इमारतीतली इतकी माणसं ताईंशी एकदम कधी बोलली नव्हती. ताईंना लाज वाटली, घाम फुटला, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी थोडं बरंही वाटलं. ते मात्र त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, प्रत्येक बटणाला आधी वेगळा कोड द्यायचा असतो. बॅटरी काढायची, बटण दाबून धरायचं, बॅटरी घालायची. मग आपल्या डब्याला ते बटण ओळखायला शिकवायचं. एका डब्याला दोन-तीन बटणंसुद्धा शिकवता येतात. सगळं माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे. आपण वाचलं असेलच."

"वाचलंय ना," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताई हातात छोटा पेचकस घेऊन दारोदार फिरू लागल्या. घुश्शात असलेली माणसं स्वतःची चूक निस्तरायला आलेल्या माणसाला आत तर घेतातच, वर चहाही विचारतात. सेक्रेटरींच्या बायकोने स्वयंपाकघर उघडून दाखवलं. तवा, इस्त्री, मॉप, सगळं ताईंच्या शब्दावर घेतलेलं. जणू ताईंचंच घर, फक्त माणसांसकट. तीच किटली होती, पण आत चहाचा काळा थर बसलेला, झाकणाला पोचा आलेला. ताईंच्या घरची किटली अजून आरशासारखी लखलखत होती. ताई त्या पोच्यावरून बोट फिरवत जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

"वाईट निघाली का हो?" सेक्रेटरींच्या बायकोने विचारलं.

"नाही नाही. चांगली वापरलीय," ताई म्हणाल्या.

बाळाच्या आईकडे बॅटरी काढेपर्यंत बाळ ताईंच्या खांद्यावर आलं आणि झोपलं. आई समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. ताई हालल्या नाहीत. हात बधिर झाला, नाकाला खाज सुटली, तरी पापणीशिवाय काही हाललं नाही. गाण्याच्या बाईंनी डबा दुरुस्त करून घेताना तीन चिजा ऐकवल्या आणि विचारलं, "कशा वाटल्या?" ताईंना गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं. त्यांनी पाच तारे दिले.

पहिल्या फेरीत घोळ झाला. सेक्रेटरींचं बटण दाबलं की आजोबांचा डबा गाऊ लागला, आणि आजोबांना ते ऐकू न आल्याने सेक्रेटरींच्या साडूंना अर्धा तास दारात उभं राहावं लागलं. ताई पुन्हा गेल्या. दुसऱ्या फेरीत बाळाच्या घरचा डबा वरच्या मजल्यावरच्या बटणाला ओळख देऊ लागला. ताई पुन्हा गेल्या. खरं तर काम एका दुपारचं होतं. ताईंनी ते आठवडाभर पुरवलं. आधीचे घोळ मनापासूनचे होते. शेवटच्या एक-दोन घोळांबद्दल मात्र तसं छातीठोक सांगता येणार नाही.

पण पेचकस कितीही हळू फिरवला तरी स्क्रू कधीतरी बसतोच. एके संध्याकाळी सगळ्या बेल आपापल्या घरापुरत्या वाजू लागल्या. सेक्रेटरींनी ग्रुपवर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. त्याखाली बाकीच्यांनी अंगठे टाकले. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि ते चित्र वर वर सरकत दिसेनासं झालं.

ताईंच्या घरी शांतता पसरली. ती त्यांना नवीन नव्हती, पण मधल्या आठवड्यात मोडलेली सवय परत लागायला वेळ लागत होता. दोन दिवस त्या पेचकस ओट्यावरच ठेवून होत्या. कुणाचं काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून. कुणाचं काही बिघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्लॉगवर चूक दुरुस्त केली. माहितीपत्रक आपण वाचलं नव्हतं, हे लिहिलं. दोन तारे कमी केले. कोड कसा बदलायचा ते सविस्तर सांगितलं. खाली वाचकांच्या प्रतिक्रियांचा पूर आला. आमच्याकडेही हाच गोंधळ झाला, आमचे शेजारी भांडायला आले, आमच्या सासूबाई दार उघडून दमल्या. बहिणीनेही लिहिलं होतं, 'मग बेल घेऊ की नको?'

त्या सगळ्यांच्या शेवटी एका वाचकाची ओळ होती. नाव नव्हतं. 'ताई, माझ्याकडे शेजाऱ्यांची बेल वाजते. त्यांच्याकडे येणंजाणं बरंच असतं. ती तशीच वाजू द्यायची असेल तर काय दाबायचं?'

ताईंनी उत्तर लिहायला घेतलं. आधी चार ओळी लिहिल्या, मग खोडल्या. मग काळजी कशी घ्यावी वगैरे लिहिलं, तेही खोडलं. एका डब्याला दोन बटणं शिकवता येतात, हे कंपनीच्या मुलीने सांगितलं होतं. ते इमारतीत कुणाला सांगायची ताईंना गरज वाटली नव्हती. स्वतःच्या डब्याला त्यांनी स्वतःचं बटण शिकवलं होतं, आणि गाण्याच्या बाईंचं.

शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं, 'काहीच दाबू नका.'

तेवढ्यात पक्षी गायला. गाण्याच्या बाईंची दुपारची शिकवणी, हे ताईंना घड्याळाकडे न बघताही कळलं. तरी त्या उठल्या, दार उघडून कठड्याशी आल्या आणि खाली वाकल्या.

"कोण आहे?"

खाली पहिल्या मजल्यावर वही छातीशी धरलेली एक बाई उभी होती. तिने मान वर केली.

"मी शिकवणीला आलेय. तुमच्याकडे नाही हो काकू."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "सहज विचारलं."