माठाखालची चार ढेकळं

केळीच्या रोगांचा अभ्यास करायला जीवराम नानांनी पोरीला रावेरहून थेट अमेरिकेला धाडलं, आणि तिनं जानेवारीत फोन करून विचारलं काय, तर फुटबॉलमध्ये कोण जिंकेल! आता नानांचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

भानगड अशी होती. मयुरीचे सर त्या खेळाचे वेडे. तिकडे कॉलेजांच्या संघांचा हंगाम संपला की निवडक संघांचे मोठे सामने होतात, आणि त्यात आता चारच संघ उरले होते. सरांनी जाहीर केलं, शेवटी जिंकणारा संघ जो आत्ताच बरोबर सांगेल त्याला एप्रिल-मेमध्ये महिनाभर सुट्टी. बाकीच्यांनी कॉलेजातली रोपं सांभाळत बसायचं. मयुरी तीन वर्षांत घरी आली नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या लेकी माहेरी येऊन झोके घ्यायच्या, तेव्हा तिची आई सुगंधाबाई काहीतरी काम काढून मागच्या अंगणात जाऊन बसायची. म्हणून ती फोनवर लगेच म्हणाली, "तू काळजी नको करू. मी ढेकळं मांडते."

आखाजीला घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांच्या नावानं चार ढेकळं ठेवतात. जे जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस जास्त. सुगंधाबाईनं आखाजीची वाट न बघता सरळ पाण्याच्या माठाखाली ढेकळं मांडली आणि नावं ठेवली अस्वल, गरुड, घोडा, वाघ. संघांची इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसत नव्हती, पण त्यांच्या टोप्यांवरची चित्रं मयुरीनं पाठवली होती.

"अवं, पावसाचं ठीक आहे," नाना वैतागून म्हणाले, "पन ढेकळाले अमेरिकेतलं काय समजते?"

नानांचा भरवसा शास्त्रावर, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, योगराजच्या मोबाइलवर. पैजा लावणाऱ्यांना टिपा देणारे त्यात ढिगानं निघाले. एक म्हणे अस्वल, त्यांचा बचाव भक्कम. दुसरा म्हणे अस्वल, कारण त्या दिवशी थंडी पडणार. तिसऱ्याच्या गळ्यात जाड साखळी होती आणि खात्रीची टीप तो पैसे भरल्यावरच देणार होता. अंड्यासारखा चेंडू हातात धरून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, अशा लोकांच्या अकलेवर विसंबायचं नानांच्या जिवावर आलं होतं. पण नऊपैकी आठ जण अस्वलवाले निघाले. बाहेर केळीची गाडी अर्धवट भरून उभी होती आणि मजूर ओट्यावर बसून घोड्याच्या बाजूनं बोलत होते.

मयुरीला उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं. दुपारी बघितलं तर गरुडाचं ढेकूळ ओलं, बाकी तिन्ही कोरडी ठणठणीत. गरुडाला तर एकाही टीपवाल्यानं विचारलं नव्हतं. नानांना घाम फुटला. या बाईच्या मातीपायी पोरीची आखाजी जाणार! सुगंधाबाई शेजारी गेल्याचं बघून ते स्वयंपाकघरात शिरले आणि तांब्याभर पाणी अस्वलावर ओतलं. वळतात तो दारात सुगंधाबाई.

"तहान लागली व्हती," नाना म्हणाले.

दिवेलागणीला तिनं ढेकळं पाहिली. अस्वलाचा नुसता चिखल झाला होता. "अस्वलच दिसतं, बाप्पा," असं म्हणून ती फोन घेऊन अंगणात गेली. नाना त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

पुढच्या सामन्यात अस्वलाला घोड्यानं धुतलं. शेवटच्या सामन्यात घोड्याला गरुडानं लोळवलं. दोन्ही निकाल योगराजनं सकाळी वाचून दाखवले. आठही टीपवाल्यांना नानांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण पाणी काही टीपवाल्यांनी ओतलं नव्हतं. शेवटी चौथ्या दिवशी ते मेथी निवडत बसलेल्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"मयुरीची आखाजी मीच बुडवली. ढेकूळ मी भिजवलं व्हतं."

"मले माहीत हाये," सुगंधाबाई मान वर न करता म्हणाली. "मी पोरीले गरुडच सांगितला. सायबाच्या कॉलेजात गरुड सांगणारी ती एकटीच. येऊ रायली ती, तिकीट काढलं तिनं."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग संताप आला, आणि मग दोन्ही एकदम. चार दिवस आपल्याला झुलवत ठेवलं या बाईनं! "पन तुले कसं समजलं?"

"अडतीस वरसं झाली लग्नाले. बसल्या जागेवरून हाक मारता, मी पानी आणून देते. तहान लागली म्हणून तुमी माठापाशी कधी गेले?"

योगराजनं हसू दाबत मोबाइलमध्ये तोंड घातलं. नानांचा घसा कोरडा पडला होता. सवयीनं त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं माठाकडे गेले.