झुरळाची शुगर चारशे बारा

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, सुरतेत कोसाडच्या आपल्या दोन खोल्यांत, दगाभाऊंनी खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खाल्ली आणि वर बोटंही चाटली. हे झालं. पण तूर्त हे झालेलंच नाही असं धरून चालू, कारण त्या दिवशी सकाळी असं कोणी म्हटलं असतं, तर खुद्द दगाभाऊंनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

दगाभाऊ बमरोलीला कापडाच्या लूमवर कामाला. पाळी संपली की शेठ जसा लूमचं मीटर बघतो, तशा मंगलाबाई रोज सकाळी नवऱ्याच्या शुगरच्या मशीनची मेमरी बघत. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, हे त्या लूमवाल्याच्या संसारात शिकल्या होत्या. करार साधा होता. अखाजीच्या सकाळी उपाशीपोटी आकडा एकशे चाळीसच्या आत आला, तर एक पुरणपोळी. एक म्हणजे एक. त्या एकीसाठी दगाभाऊ होळीपासून कारल्याचा रस पीत होते.

मंगलाबाईंनी बटण दाबलं. कालचा आकडा उमटला. चारशे बारा.

“कोठे खाई उनात?”

“काय?”

“हाई चारशे बारा कोठे खाई उनात?”

“अवं, तोंडमा कारलं सोडीसन काहीच गयं नही!”

“कारलानी शुगर चारशे बारा व्हस का?”

नेमक्या याच वेळी शेजारच्या सरलाबाई आल्या. मंगलाबाईंचं खापर गेल्या वर्षी फुटलं होतं, म्हणून सरलाबाई आपलं घेऊन आल्या होत्या. गोणपाटात गुंडाळलेलं ते मातीचं खापर त्यांनी बाळासारखं ओट्यावर ठेवलं आणि आकडा ऐकून स्टूल ओढून बसल्या. “बाई, चारशे बारावर माणूस उभा राहत नही. भाऊले पहिले बसाडा.”

दगाभाऊ बसले. नाही म्हटलं तरी त्यांना जरा गरगरायलाही लागलं.

तेवढ्यात केस पुसत सुषमा बाहेर आली. “मम्मी, ती पप्पांची शुगर नाहीये. झुरळाची आहे.”

दगाभाऊंना लेकीचा इतका अभिमान दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

सुषमा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि तिचा प्रकल्प होता कीटकांच्या पोटात साखर पचते कशी यावर. कॉलेजला सुटी, म्हणून काल तिने घरीच झुरळाचं आतडं वाटून साखरपाण्यात घातलं होतं आणि पप्पांचं मशीन वापरलं होतं.

“हे बघ मम्मी. साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी जोडी, एकमेकांना चिकटलेली. झुरळाच्या आतड्यात एक एन्झाइम असतं, पिंपासारखं गुंडाळलेलं. त्याच्या तोंडाशी एक खळगा असतो. जोडी त्यात बराबर बसली, की मधला सांधा कट. मशीनला जोडी समजतच नाही. सुटं ग्लुकोज तेवढं समजतं.”

“म्हंजे लूमना कटर,” दगाभाऊ म्हणाले.

“तेच! आणि हे कटर झिजत नाही पप्पा. एक जोडी तोडली की लगेच दुसरी घेतं.”

“असं कटर आमना शेठले सांगू नको.”

मंगलाबाईंनी या सगळ्यातला एकच शब्द ऐकला होता. “झुरळ कोठून आणं तू?”

सुषमाने गॅसच्या सिलिंडरकडे पाहिलं. सरलाबाईंनीही पाहिलं.

“मना घरमा झुरळ नही शे,” मंगलाबाई म्हणाल्या. ज्या आवाजात लोक कोर्टात म्हणतात, त्या आवाजात.

झालं. घरात झुरळ नसेल, तर चारशे बारा दगाभाऊंचे. आणि चारशे बारा दगाभाऊंचे नसतील, तर सरलाबाईंच्या देखत मंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात झुरळ. मधला रस्ता नव्हता.

“आत्ता पप्पांची शुगर बघू ना,” सुषमा म्हणाली.

“आते कमी उनी, तं कोणती खरी? आतेनी का कालनी? मशीन खोटं शे का तुना बाप, ते पहिले सांग.”

दगाभाऊ उठले आणि झुरळ शोधू लागले. सिलिंडर हलवला. मोरी पाहिली. देव्हाऱ्याच्या मागे बॅटरी मारली. पण मंगलाबाईंनी सणासाठी घर असं घासलं होतं की मुंगीही पाय घसरून पडावी. बायकोच्या स्वच्छतेला दगाभाऊंनी इतक्या कळकळीने कधी शिव्या दिल्या नव्हत्या.

“एक तं व्हईनच,” ते मोरीच्या जाळीला विनवत म्हणाले. “एक तं ये रे भो. सणना दिन शे.”

“नही शे म्हणजे नही शे,” म्हणत मंगलाबाईंनी विजयी मुद्रेने खापराचं गोणपाट सोडलं.

आतून झुरळ पडलं. गुबगुबीत, तपकिरी, वर्षभर माळ्यावर सुखाने राहिलेलं.

सरलाबाई स्टूलवरून उठल्या. “हाई आमनं नही.”

“गाठ कोणी मारेल शे, सरलाबाई?” मंगलाबाईंनी मधाळ आवाजात विचारलं.

दगाभाऊंनी ते झुरळ दोन्ही हातांनी प्रसादासारखं उचललं.

मशीनच्या डबीत तीन पट्ट्या उरल्या होत्या. पहिली नुसत्या साखरपाण्यावर लावली. मशीनला त्यात साखर दिसलीच नाही. मंगलाबाईंनी बोट बुडवून चाखलं. गोड होतं. त्यांनी पुन्हा एकदा चाखलं. मग सुषमाने गॅलरीत बसून आपलं काम उरकलं आणि झुरळाचा अर्क त्याच पाण्यात मिसळून काचेच्या नळीत भरला.

“याला आता अंगाइतकी ऊब पाहिजे. अर्धा तास.”

दगाभाऊंनी नळी काखेत धरली. त्या अर्ध्या तासात ते हलले नाहीत, शिंकले नाहीत. सरलाबाईंनी दिलेला चहाही त्यांनी डाव्या हाताने नाकारला.

दुसरी पट्टी. तीनशे अठ्ठ्याण्णव.

“जय हो!” दगाभाऊ ओरडले. आपल्या झुरळाचा आकडा एवढा आलेला बघून सरलाबाईंनाही नकळत थोडा अभिमान वाटला.

तिसरी पट्टी दगाभाऊंच्या बोटाची. एकशे अडतीस.

“आणि कालनं झुरळबी यासनाच घरनं,” मंगलाबाईंनी सरलाबाईंकडे बोट दाखवत निकाल दिला. “पाहुणं उनं व्हई.” मग खापर तीनदा धुऊन चुलीवर चढलं, हातावर पोळी फिरली आणि वर सांगितलेलं ते सगळं झालं. बोटं चाटून दगाभाऊंनी ताट पुढे केलं.

“एखादी आजून?”

मंगलाबाईंनी मशीनचं दुसरं बटण दाबलं. त्यावर पंधरा दिवसांची सरासरी निघते. झुरळं धरून ती करारात बसत नव्हती.

त्याच संध्याकाळी दगाभाऊंनी लेकीकडून मशीनच्या कंपनीला अर्ज लिहून घेतला:

“मा. तक्रार निवारण अधिकारी यांस, विनंती अर्ज. आपल्या मशीनमध्ये ‘जेवणाआधी’ व ‘जेवणानंतर’ अशा दोनच खुणा आहेत. तरी ‘झुरळ’ अशी तिसरी खूण त्वरित देण्यात यावी. तसेच सदर दोन झुरळांची शुगर अर्जदाराच्या सरासरीतून वजा करून सुधारित आकडा अर्जदाराच्या सौभाग्यवतींस परस्पर कळवावा. पुरण उद्यापर्यंतच टिकते, याची कृपया नोंद घ्यावी.”