गजदंत मंजनाच्या चौफेर स्वारीची हकीकत

वाचणारांचे आयुष्य वृद्धिंगत असो, ऐकणारांचे दात शाबूत असोत. शालिवाहन शके अठराशे सहासष्ट, तारणनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, कृष्णा-वारणेच्या दुआबात कसबे आष्टे येथे जो रणसंग्राम माजला, त्याची साद्यंत हकीकत लिहून ठेविली पाहिजे, नाहीतर चार लोक चार गोष्टी पदरच्या जोडतात. त्याच समयी विलायतेत जर्मनाशीही झुंज चालू होती, परंतु ती लिहिणारे पुष्कळ आहेत.

राजश्री आदगोंडा चौगुले हे या मोहिमेचे खासे. वडील बंधू राजश्री भाऊसो, हळदीच्या पेठेतील मातब्बर असामी. आदगोंडांनी उमर होताच गोदामात पोती शिवावयास घेतली ती दहा-पंधरा वर्षे शिवली, आणि लग्नात इतर नवरदेवांची हळद दोन रोजांत उतरते, यांची मुळी उतरलीच नाही. मग चित्त विटले, आणि वेगळे दुकान थाटून बाभळीची साल, लवंग, मीठ आणि कोळसा कुटून गजदंत मंजन सिद्ध केले, आणि डबे इतके भरले की स्वयंपाकघर शिकस्त होऊन खालसा झाले व कबिला गुणमालाबाई चुलीसुद्धा पडवीत मुक्काम करून राहिल्या. परंतु मुलखातील तमाम पुरुष राखुंडीचे निष्ठावंत, तमाम बायका मिश्रीच्या, गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा भाऊसोंचे फर्मान सुटले की, "पौषापातुर डबं खपलं तर दुकान तुझं. न्हाई खपलं तर गोदामात यायचं, दाभण धरायचं आनि मंजनाचं नाव काढायचं न्हाई."  हे ऐकून, खोटे कशाला लिहावे, आदगोंडांस रडू आले.

मग पडवीत खलबत बसले. आदगोंडांनी मनसुबा मांडला की, आजवर एक वाट धरली म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेने निसटले, सबब साऱ्या वाटा एकाच दिवशी रोखाव्या. ज्ञानू हलगीवाल्यास दवंडीची आघाडी दिली. बिराप्पा गाडीवानास कर्णा, तबकडीचे यंत्र आणि बैलजोडी देऊन उंब्रजेकडे रवाना केले. भिंतींवर गेरूची अक्षरे, इस्लामपुरी तंबूच्या सिनेमात पडद्यावर जाहिरातीची काच, झाडून साऱ्या चावड्यांवर छापील कागद, असा चौफेर बंदोबस्त केला. आणि घराघरांत शिरावयास हरणाबाई कासारणीस फोडिले, कारण मनगट कासारणीच्या हाती सापडले असता बाईमाणूस पळून जाते कोठे? गुणमालाबाईंनी अर्ज गुजारला की, "सगळं एकदम नगा करू, लोकं भ्यायची." परंतु सेनापती भरात होते. अर्ज नामंजूर जाहला.

नेमल्या दिवशी सूर्योदयी मोहीम उठली आणि हलगी, कर्णा, गेरू, कागद आणि कासारीण यांनी एकच हल्ला केला. हुकूम सर्वत्र एकच की, येत्या बाजारी लहानथोरांनी आष्ट्याच्या पेठेत यावे, दात दाखवावे आणि मंजन घेऊन जावे. आता या मुलखात दवंडी म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे धान्याची लेव्ही नाहीतर पटकीची सुई, हे शेंबडे पोरही जाणते. त्यात दात दाखवा म्हटल्यावर साळूबाई नामे वृद्धेने भर पाणवठ्यावर निवाडा दिला की, "बैलाचं वय दातावरनं बघत्यात नव्हं? तसंच हाय हे. दात बघून बाप्ये लढाईवर धाडणार, दुसरं काय?" ही बातमी कर्ण्याहून जलद धावली. मग बाजाराच्या दिवशी गावोगावचे बाप्ये भाकरी बांधून उसात दडले, आणि ज्यांना दातच नव्हते तेवढे म्हातारे निर्धास्त होऊन पेठेत आले, दुकानासमोर बसले, आणि बोळकी उघडून दाखवू लागले. एक डबा खपला नाही. 

तथापि धीर न सोडता आदगोंडांनी दुसरे फर्मान त्याच सर्व मार्गांनी सोडिले की, ही सरकारी बाब नव्हे, लढाईशी संबंध नाही, मंजनावर कंट्रोल नाही, रेशनचे कार्ड लागत नाही, ज्याने त्याने पाहिजे तितके न्यावे. आदगोंडा सरळ मनुष्य, खरे तेच वदले. परंतु तोवर मंजनावर कंट्रोल येईल हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. उसातले बाप्ये ते ऐकून ताठ उभे राहिले. कोणी वदला की, "साखरंच्या टायमाला बी असंच न्हाई म्हनलं हुतं. रॉकेलाच्या बी." दुसरा वदला की, "गड्या, मग बसलाईस काय? चल की."

पुढील बाजारी जो रेटा आला तो आष्टे कसब्याने पाहिला नव्हता. गाड्या सुटल्या, बैल मोकळे जाहले, फळी मोडली, आणि जन्मात राखुंडीवाचून दुसरे न शिवलेले वीर सहा सहा डबे धोतरात बांधून नेऊ लागले. आदगोंडा पायरीवर चढून कंठशोष करीत होते की, "आवं, कंट्रोल न्हाई, एकेकच न्या." त्यासरशी मागचे पुढच्यांच्या खांद्यावर चढत. हरणाबाईंनी बांगड्यांचा हारा टाकून आपल्याकरिता चार डबे राखिले, वास्तविक ही अफवा कोठून निघाली ते त्यांस पुरते ठाऊक होते. दिवस मावळण्यापूर्वी कोठी रिकामी, आणि गुणमालाबाई चुलीसह स्वयंपाकघरात दाखल जाहल्या.

मग आदगोंडा पटका बांधून, विजयाचे वर्तमान वडील बंधूंच्या कानी घालावयास हळदीच्या गोदामात दाखल झाले. भाऊसो पोत्यावर बसले होते. पोत्यांच्या थप्पीआड गजदंत मंजनाचे डबे छतापर्यंत रचलेले. माणसे पाठवून पेठेतला निम्मा माल त्यांनीच उचलिला होता. आदगोंडांस प्रथम हसू आले, मग बंधूची दया आली, आणि रक्ताचे नाते म्हणून खरे सांगणे प्राप्त झाले.

"अण्णा," ते वदले, "कंट्रोल येनार न्हाई."

भाऊसो चौफेर पाहून, आवाज उतरवून वदले, "मला बी न्हाई सांगतूस? मंजी येनारच."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कोठी साफ, दुकान कायम, दाभण गोदामी. मुलखात राखुंडी व मिश्री पूर्ववत चालू आहेत. दात कोणी घासिला नाही, सबब त्याची नोंद केली नाही.