टिचकी उपचाराचा शंभर टक्के गुण

विषय: लिफ्टच्या भीतीवरील टिचकी उपचाराची शास्त्रीय तपासणी. तपासणी अधिकारी: मी. स्थळ: मानसिक आरोग्य कार्यालय, सातवा मजला. जिना बंद, कारण त्यात जुने अहवाल ठेवले आहेत.

टिचकी उपचारात तज्ज्ञ रुग्णाच्या डाव्या कानामागे सात टिचक्या मारतात आणि भीती उजव्या कानाने बाहेर पडते. त्या वेळी उजव्या बाजूला कोणी उभे राहू नये, एवढीच खबरदारी. याला पुरावा काय, असे मी पहिल्याच बैठकीत विचारले. टिचकीतज्ज्ञ म्हणाले, "बाई, आजवर एकाही उजव्या कानाची तक्रार आलेली नाही." इतिवृत्तात ही नोंद 'पुरावा' या सदराखाली झाली.

मी रीतसर चाचणी आखली. लिफ्टला घाबरणारी चाळीस माणसे, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला खऱ्या टिचक्या, दुसऱ्याला टिचक्यांचा नुसता आवाज. उपचार मान्य झाला, तर तळमजल्यावरच्या मानसतज्ज्ञ बाईंची खोली टिचकी केंद्राला जाणार होती. या बाई भीती हळूहळू घालवत, रुग्णाला घाम फोडून, पण पुराव्यानिशी. खोली मात्र एकच होती.

सतराव्या क्रमांकावर माझी मावशी होती. हे नाते मी लेखी जाहीर केले. संचालकसाहेबांनी त्यावर 'अभिनंदन' असा शेरा मारला.

मावशी एकदा लिफ्टमध्ये पाऊण तास अडकली, तेव्हापासून तिने लिफ्ट सोडली. स्वतःच्या पाच मजल्यांनीच गुडघे बोलू लागले होते, आणि लेकीचे घर समोरच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. "नातू तीन महिन्यांचा झाला," ती म्हणायची. "मी त्याला गॅलरीतून हात हलवूनच मोठा करतेय."

चाचणीच्या दिवशी चाळीसांपैकी दोघे आले. एकाला भीती नव्हतीच, बायकोने पाठवले होते. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. बाकीचे तळमजल्यावर लिफ्टच्या दारापर्यंत येऊन माघारी गेले होते.

"साहेब, चाचणी रद्द करावी लागेल. अडतीस जण गैरहजर आहेत."

संचालकसाहेबांनी चष्मा पुसला. "का गैरहजर?"

"लिफ्टला घाबरतात म्हणून."

"हा तुमचा अंदाज. तसं कुणी लेखी दिलंय?"

"नाही."

"मग दुसरी शक्यता बघा. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला येईल?"

"पण अजून एकही टिचकी मारलेली नाही."

टिचकीतज्ज्ञ संकोचून म्हणाले, "नुसत्या नावनोंदणीनं गुण आला. एवढी तर माझीही अपेक्षा नव्हती."

दोन्ही गटांत एकोणीस-एकोणीस बरे झाले, म्हणजे नुसता आवाजही तितकाच गुणकारी ठरला. आता हा उपचार रेडिओवरून देता येईल, असे साहेबांनी तिथल्या तिथे टिपून घेतले. वर आलेले दोघे निर्भय होतेच. एकूण यश शंभर टक्के. मी तळटीप लिहिली: 'गैरहजेरी म्हणजे गुण नव्हे.' साहेबांनी ती आनंदाने ठेवली. "तळटीप असली की अहवालाला वजन येतं," ते म्हणाले.

मावशीला पोस्टाने बरे झाल्याचे प्रमाणपत्र आले. ते पर्समध्ये घालून ती मानसतज्ज्ञ बाईंकडे नाव घालायला गेली, तर खिडकीतला कारकून म्हणाला, "मावशी, तुम्ही बऱ्या आहात. बऱ्या माणसावर उपचार करता येत नाहीत."

"अरे, पण मी बरी नाहीये."

"मग हे रद्द करून आणा. सातव्या मजल्यावर, समक्ष."

तोवर बाईंचे सामान सायकल स्टँडवर आले होते. त्यांनी तिथेच खुर्ची टाकली आणि मावशीला नियमाबाहेर घेतले. आधी लिफ्टसमोर नुसते उभे राहणे. मग दार उघडे ठेवून आत. मग एक मजला बाईंचा हात धरून, मग हात सोडून. मावशी घामाघूम व्हायची. "तुमच्यापेक्षा तो टिचकीवाला बरा, निदान घरी बसू देतो," असे बाईंना सुनवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. नवव्या आठवड्यात ती एकटी सातव्या मजल्यावर आली आणि प्रमाणपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"हे रद्द करा. मी बरी झालेच नव्हते."

"वर कशा आलात?" साहेबांनी विचारले.

"लिफ्टनं."

साहेब खुर्चीतून उठले. टिचकीतज्ज्ञांचे डोळे भरून आले. बरा झालेला रुग्ण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

"अहो, हे त्या बाईंमुळे. नऊ आठवडे, खाली सायकल स्टँडवर..."

"सायकल स्टँडवर उपचार होत नाहीत," साहेब म्हणाले. "तशी तरतूद नाही. जरा इकडे बघा, फोटो घेतोय."

"घ्या लवकर. मला नवव्या मजल्यावर जायचंय."

ते पोस्टर आता प्रत्येक लिफ्टमध्ये आहे. मावशी त्यात तोंडभर हसते आहे, आणि कशामुळे ते मला माहीत आहे. खाली माझी तळटीपही आहे, मोहरीएवढ्या अक्षरांत. नावनोंदणीची यादी माझ्याकडेच येते, म्हणून विचारते: तुमचे नाव देण्याआधी तुम्ही ती तळटीप वाचली होती का? उत्तर समक्षच द्यायचे आहे, सातव्या मजल्यावर. जिना अजून बंद आहे. आला नाहीत, तर बऱ्यांत धरू.