सगळ्यांकडे दुर्लक्ष

"साहेब, हे मशीन तुमचं ऐकत नाही, की तुम्हीच त्याला कुणाचं ऐकू नकोस म्हणून सांगितलंय?"

हिंमत असेल तर आईच्या साहेबांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. टिवटिवने विचारलं, तेही भर ऑफिसात, सकाळी अकराला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आईने डोळे वटारले. "कोपऱ्यात बस. बडबड बंद!"

बडबड बंद ठेवणाऱ्या मुलीला कुणी टिवटिव म्हणत नाही. पण आज नाइलाज होता. संध्याकाळी सातची गाडी, आणि चार वर्षांनी समुद्र! साहेबांची अट एकच: दोन कपाटांएवढ्या त्या मेनफ्रेम संगणकावर आज लिनक्स ही नवी कार्यप्रणाली चढली, तरच आईला रजा.

आणि लिनक्स काही चढेना. मशीनला नेटवर्कचं कार्डच दिसत नव्हतं. आईचा अंदाज असा, की कार्ड चालवणारा छोटासा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, गहाळ आहे.

"मग आणा की ड्रायव्हर," साहेब म्हणाले.

"तो नेटवर्कवरून येतो."

"मग नेटवर्क लावा."

"त्याला ड्रायव्हर लागतो, साहेब."

साहेबांनी वहीत बाण काढले. बाण गोल फिरून जागेवर आले. "चित्र स्पष्ट आहे," ते समाधानाने म्हणाले. "माझ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने घाला."

"घालू कुठे? दोन कपाटं आहेत, पण भोक एकही नाही."

"कीबोर्ड तर आहे ना? मी फाइल वाचतो, तुम्ही टाइप करा!"

आई हसली. साहेब हसले नाहीत. ते केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि आईच्या टेबलावरच्या स्पीकरफोनवरून खणखणीत आवाज आला, "सात. एफ. चार. पाच."

आई टाइप करू लागली. तीन वाजता बाबा बॅगा घेऊन आले, तर त्यांनाही टाइप केलेलं तपासायला बसवलं.

"किती झालं गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"नववं पान."

"एकूण?"

"सहा हजार."

बाबांनी बॅगेतून पोहायचा चष्मा काढला, पुसला आणि परत ठेवला.

टिवटिवला ते बघवेना. टाइमपास म्हणून ती भिंतीवर डकवलेला कागद वाचू लागली. सुरू होताना मशीनने काय करायचं, ते त्यावर होतं. पहिलीच ओळ: इग्नोर ऑल.

"आई, म्हणजे सगळ्यांकडे दुर्लक्ष?"

"हो गं. मशीनला हजारो उपकरणं दिसतात. म्हणून आधी सगळ्यांकडे दुर्लक्ष, आणि जी हवीत ती खाली अपवाद म्हणून लिहायची."

"मग नेटवर्क कार्डवर लाल काट का मारलीय?"

आई खुर्चीवरून उठलीच. शेजारीच साहेबांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'अनावश्यक'. मंजुरीसाठी गेलेली यादी परत आली आणि कालच्या पाळीतल्या माणसाने ती तशीच्या तशी मशीनमध्ये भरली होती.

"सकाळी मी हेच तर विचारलं होतं!" टिवटिव ओरडली. आई आणि बाबा दोघंही एकदम "शूऽऽ" म्हणाले.

आईने अपवादात एक ओळ वाढवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. कार्ड लगेच दिसलं. ड्रायव्हर पहिल्यापासून आतच होता बिचारा, त्याला कुणी हाकच मारली नव्हती! साडेपाचला लिनक्स चढलं.

"शून्य. बी. एफ." स्पीकर बोलतच होता. "घेताय ना?"

आईने फोनकडे हात नेला. "सांगायला हवं साहेबांना."

"सांग. दुसरं काम देतील," बाबा म्हणाले.

आईचा हात हवेतच राहिला. टिवटिवने तेवढ्यात एका चिठ्ठीवर 'मशीन चालू, आई रजेवर' असं लिहून ती पडद्यावर चिकटवलीसुद्धा. मग दोन्ही बॅगा उचलून ती दारात उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. चार दिवस इग्नोर ऑल. अपवाद एकच, समुद्र. बाकी सगळे अनावश्यक!"