वाचल्याचा पुरावा

मुलांना वाचनाची गोडी लागावी, हा ठराव आमच्या बालवर्गाच्या पालकसभेत एकमताने मंजूर झाला. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, म्हणाल्या, "शाळेत आम्ही वाचून दाखवू. घरी तुम्ही रोज वीस मिनिटं पोराला मांडीवर घ्या आणि वाचा. बस्स, एवढंच." चाळीस घरांच्या माना डोलल्या. प्रत्येकाला एक बारा पानांचं चित्रांचं पुस्तक मिळालं. साळिंदराचं एक पिल्लू रानात वाट चुकतं आणि आईला शोधत फिरतं, अशी त्यातली गोष्ट. पुस्तक खास शाळांच्या अशा उपक्रमांसाठी छापलेलं, दुकानात न मिळणारं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मी हात वर केला.

मी दाखले खात्यात हेडक्लार्क आहे. माणूस हयात असल्याचा दाखला माझ्या सहीने निघतो. नुसता समोर येऊन उभा राहिला म्हणून आमच्याकडे कोणी हयात ठरत नाही. तेव्हा माझ्या तोंडून साहजिकच निघालं, "पण बाई, घरी वाचलं हे शाळेला कळणार कसं?"

"अगं बाई! खरंच की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मुलांना विचारलं की कळतं हो," वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या. या बाई रोज मुलांना गोल बसवून गोष्ट वाचून दाखवत. पण पाच वर्षांच्या मुलाची साक्ष ग्राह्य धरायची म्हणजे कायद्याचं राज्य संपलंच! मी नमुना तयार करून देतो म्हटलं. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली माझी बायको तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

'नमुना व-१' दोन दिवसांत तयार झाला. दिनांक, पान क्रमांक, वाचन सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, अधिकृत वाचकाचं नाव, बालकाची मनःस्थिती. खाली घोषणापत्र : 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी असून ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.' एवढं एक वाक्य लिहायला मला पूर्ण दुपार लागली, आणि मी ते अभिमानाने सांगतो.

पहिल्या संध्याकाळी मी लेकीला मांडीवर घेतलं. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी टिकत नाही. त्या दिवशी मात्र टिकली. मी वाचलं, "पिल्लाने मागे वळून पाहिलं. आई नव्हती."

"मग?" भिंगरीने माझा शर्ट धरला.

"थांब. तुला कसं वाटतंय?"

"मग काय झालं?"

मी मनःस्थितीच्या रकान्यात 'उत्सुक' लिहिलं. मग घोषणापत्र शब्दाशब्दाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचलं. आमच्याकडे ते वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाहीत. सवय आहे हाताला. त्यात वीस मिनिटं संपली. भिंगरी म्हणाली, "आई सापडते ना त्याला?" मी म्हटलं, "उद्या."

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या बाईंचा फोन. "अहो, काही पालक आठवड्याच्या सह्या एकदमच ठोकतात. काय करू?" मी फोटो सुचवला. झालं! घरोघरी वाचनाचे फोटो निघू लागले. केस विंचरायचे, पोराला हसवायचं, पुस्तक उजेडात धरायचं. एका बापाने पुस्तक उलटं धरलं होतं. त्याचा फोटो शेरा मारून परत गेला. शाळेत चाळीस नमुने आणि चाळीस फोटो रोज तपासायचे म्हणजे वेळ लागणारच, तेव्हा वर्गाच्या बाईंचं गोल बसवणं बंद झालं. मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट सांगून त्या तपासत बसायच्या.

मग कोणीतरी सात दिवसांचे फोटो एकाच शर्टात पाठवले. मी म्हटलं, फोटो खोटं बोलेल, कागद बोलणार नाही. नमुना सुधारला : 'वाचून झालेले पान पुस्तकातून सोडवून नमुन्यास चिकटवावे.'

"पुस्तक फाडायचं?" बायकोने विचारलं.

"फाडायचं नाही, सोडवायचं. वाचून झालेलं पान घरी ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"अहो, पोरगी रोज विचारतेय, त्या पिल्लाला आई सापडली का. तेवढं तरी सांगा! नाहीतर आणा इकडे, मी वाचते."

"अधिकृत वाचक मी आहे. आणि पुढची पानं क्रमाने येतील." पुस्तक चुरगळू नये म्हणून मी ते ऑफिसच्या बॅगेत ठेवत असे. बायको म्हणाली, "धन्य आहे तुमची," आणि आत गेली.

पुढे ऑफिसात कामाची गर्दी झाली आणि मी चार पानं मागे पडलो. पुस्तक संपवायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी नऊ ते बारा ही पानं मी एकदम सोडवली, चिकटवली आणि चार वेगवेगळ्या पेनांनी वेळा भरल्या. मनःस्थिती : आनंदी, आनंदी, आनंदी, अत्यानंदी. भिंगरी शेजारी पुस्तकाची दोन कोरी पुठ्ठ्यांची पानं हातात घेऊन बसली होती. त्यात आता काहीच नव्हतं.

"बाबा, सापडली?"

"उद्या सांगतो हं."

नमुने शाळेच्या कपाटात कुलूपबंद झाले. आठ दिवसांनी 'वाचनस्नेही शाळा' ही पाटी द्यायची की नाही हे ठरवायला एक तपासणी अधिकारी आले. पालकांना बोलावणं होतं. आमची फाईल सर्वांत नीटस, म्हणून भिंगरीला पुढे उभं केलं. अधिकाऱ्यांनी फाईल उघडताच तिने घोषणापत्रावर बोट ठेवलं आणि न अडखळता म्हणाली, "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी असून ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन."

सभागृह उठून उभं राहिलं. "पाच वर्षांची पोर आणि 'कारवाईस'!" अधिकारी गहिवरले. मोठ्या बाईंनी डोळे टिपले.

भिंगरीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भराभर नमुने उलटत होती. बाराव्या पानाशी थांबली. पिल्लाच्या चित्राखाली दोन ओळी होत्या आणि त्यांच्यावर बरोब्बर 'तपासले' असा जांभळा शिक्का बसला होता.

"इथं काय लिहिलंय?" तिने अधिकाऱ्यांना विचारलं. "मला वाचता येत नाही."

त्यांनी चष्मा लावला, काढला. "शिक्का जरा दाट पडलाय. वडिलांनी वाचलंय की! सांगा हो हिला, आई सापडली का?"

मी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी पालकांकडे पाहिलं. चाळीस घरांनी बाराव्या पानावर सही केली होती आणि चाळीस घरं छताकडे बघत होती. मोठ्या बाईंनी घाईघाईने बाकीच्या फायली उघडल्या. शिक्के मारणाऱ्या शाळेच्या शिपायाचा हात इतका बसलेला की चाळीसही शिक्के त्याच दोन ओळींवर होते.

मला लाज वाटली. माझ्याच पोरीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटी मिळाली. कागद पूर्ण होते, न मिळायला काय झालं? ती फाटकावर लावली आहे. भिंगरी आता तो विषय काढत नाही. काल मात्र ती बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. हातात ती दोन पुठ्ठ्याची पानं. बाहुलीला तिने आधी घोषणापत्र ऐकवलं, बोट फिरवत. मग बाहुलीचा आवाज काढून विचारलं, "मग?" आणि माझा आवाज काढून म्हणाली, "उद्या."

म्हणून एक विनंती. हे पुस्तक पुष्कळ शाळांनी वाटलं आहे, तुमच्याही घरी आलं असेल. शेवटच्या पानावर त्या पिल्लाला आई सापडते का, तेवढं कळवाल? आणि कृपा करून 'आम्ही सही केली आहे' असं कळवू नका. सही मीही केली आहे.